खासगी वन, चौथा मजला

मुलुंडला डोंगराच्या बाजूला आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे. तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि लॉन्ड्री, शेजारी शाळा, समोर बसचा शेवटचा स्टॉप. शाळा सुटली की रिक्षावाले आणि बसवाले एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करतात, तो वरपर्यंत स्पष्ट ऐकू येतो. ही सगळी जागा कायद्याच्या दृष्टीनं जंगल आहे, असं एका सकाळी आम्हाला कळवण्यात आलं. आधी मला वाटलं, कोणीतरी मस्करी करतंय. पण मस्करी करायला थोडी बुद्धी लागते, आणि ज्या कागदावर हे लिहिलं होतं त्यात तिचा मागमूस नव्हता.

हे कळलं ते लिफ्टमुळे. आई जिन्यात पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण दोन्ही गुडघे आधीच कामातून गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, घरात चाला, गॅलरीत बसा, पण आता जिना विसरा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मगे मी खाली कधी जातलंय?" डॉक्टरांना मालवणी येत नव्हतं, तरी प्रश्न कळला असावा, कारण ते लगेच गोळ्या लिहायला लागले.

खाली म्हणजे गेटजवळचा कट्टा. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका संध्याकाळी तिथे जमायच्या. कोणी लसूण सोलायला घेऊन यायची, कोणी शेंगा, कोणी नुसतंच तोंड. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागच्या खोल्या विकून जी कोकणी कुटुंबं इकडे आली त्यातल्या या बायका. नवऱ्यांनी नोकऱ्या बदलल्या, मुलं शिकली, सुना आल्या. यांची बैठक मोडली नाही. आईला सिनेमा नको, देवळं नकोत, गावची जत्राही एकवेळ चुकली तरी चालायचं. कट्टा चुकला तर ती रात्री जेवताना गप्प असायची. चौथ्या मजल्यावर बसवून ठेवल्यावर तिचं काय होणार, हे मला डॉक्टरांच्या केबिनमध्येच कळलं होतं आणि मला भीती वाटली होती.

सोसायटीच्या सभेत लिफ्टचा ठराव एकमतानं झाला. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यायचा यावर दोन सभा झालेल्या आहेत, त्यामुळे या एकमताची किंमत ओळखावी. मागच्या भिंतीला बाहेरून लिफ्ट बसवायची ठरली. सेक्रेटरी पोस्टातून रिटायर झालेले, मूळचे नांदेडकडचे, कामाला वाघ. ते नकाशा घेऊन पालिकेत गेले आणि दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आपण जंगलात राहतो," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "लिफ्ट बसवायची तर वनखात्याला विचारून ये म्हणतात."

तो कायदा मी नंतर इतक्यांदा वाचला की झोपेत म्हणून दाखवीन. मी मरोळच्या एका कारखान्यात हिशेब तपासते, त्यामुळे मूर्खपणा वाचायची मला सवय आहे. गोष्ट अशी होती. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा डोंगराखालच्या जमिनीच्या कोणा बड्या मालकाला सरकारनं नोटीस काढली, की तुमच्या जमिनीवरच्या झाडतोडीवर बंदी का घालू नये ते सांगा. ती त्याच्यापर्यंत पोचली की नाही, त्यानं काय सांगितलं, काही सांगितलं की नाही, हे देवाला ठाऊक. पुढे काही झालं नाही. मग सत्तरच्या दशकात नवा कायदा आला: ज्या जमिनीला अशी नोटीस निघाली ती खासगी वन, आणि जे खासगी वन ते ठरलेल्या दिवसापासून आपोआप सरकारचं. तिथे झाड आहे का, हे बघायची कोणाला गरज वाटली नाही. त्यानंतर त्याच सरकारनं त्याच जमिनीला बिनशेतीची परवानगी दिली, पालिकेनं बिल्डरचे नकाशे पास केले, आम्हाला पाणी दिलं, घरपट्टी लावली, मतदारयादीत नावं घातली. एवढ्या वर्षांत एकालाही जंगल दिसलं नाही. मग कुठल्याशा कार्यालयात कोणीतरी कपाट आवरायला काढलं आणि आमच्या सातबाऱ्यावर जंगल उगवलं.

जंगल वाचवायला माझा विरोध नाही. डोंगरापलीकडे खरं जंगल आहे, ते राहावं, तिथल्या बिबट्यावर आमच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला यायची वेळ येऊ नये, असं मलाही वाटतं. पण त्याच डोंगराचा एक कोपरा आमच्या डोळ्यांसमोर पोखरला जात होता. तिथे उंच टॉवर उभे राहत होते, आणि बाहेरच्या फलकावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, जंगलाच्या कुशीत राहा. त्या जमिनीला म्हणे नोटीस नव्हती. जिथे झाडं होती ते जंगल नव्हतं आणि जिथे पिठाची गिरणी होती ते जंगल होतं. हे मी ऑफिसात सांगितलं तर साहेब हसले आणि म्हणाले, "मग तुम्ही आदिवासी कोट्यात अर्ज करा ना." त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिलं वर्षभर बायका वर यायच्या. एकेक मजल्यावर थांबत, कठड्याला धरत, आमच्या दारात पोचेपर्यंत त्यांना बोलायला दम उरायचा नाही. चहा व्हायचा, लसूण सोलून व्हायचा, पण ती मजा नाही, असं त्याच म्हणायच्या. कट्ट्यावर येणारीजाणारी माणसं दिसतात, त्यांच्याबद्दल बोलता येतं. आमच्या हॉलमध्ये फक्त टीव्ही आणि माझे बाबा. हळूहळू वर येणं आठवड्यावर गेलं. त्यांचेही गुडघे काही नवे नव्हते. मग त्या खालूनच हाक मारायच्या आणि आई गॅलरीतून ओणवी होऊन बोलायची. "काय केलंस गो आज?" "पेडवे." बसवाल्यानं हॉर्न दिला की पुढचं सगळं वाया. पेडवे तळले की त्यांचं कालवण केलं ते दुसऱ्या दिवशी परत विचारायला लागायचं.

घर विकून कुठेतरी तळमजल्यावर जावं, हा विचार मी केला. नाहूरला एक चांगली जागा बघितली, आमच्या घराला गिऱ्हाईकही आलं, नवरा-बायको दोघंही आवडीनं घर बघून गेले. मग त्यांच्या बँकेनं सातबारा बघितला. नवरा फोनवर म्हणाला, "मॅडम, बँक म्हणते जंगलावर लोन देत नाही." आवाजात थोडी तक्रारही होती, की एवढी गोष्ट तुम्ही आधी का सांगितली नाही. मी फोन ठेवला. त्यानंतर घर विकायचा विषय आमच्याकडे निघाला नाही.

सेक्रेटरींनी आजूबाजूच्या आमच्यासारख्याच अडकलेल्या सोसायट्यांबरोबर मिळून कोर्टात दावा लावला. दावा चालू असताना एक आशा दिसली. वनखात्याचा एक साहेब जागेवर पाहणीला येणार होता. इथे प्रत्यक्षात वन नाही, असं त्यानं लिहून दिलं तर निकाल लागेपर्यंत निदान लिफ्टची परवानगी मिळेल, असं वकील म्हणाले. सेक्रेटरींनी सगळ्यांना बोलावून बजावलं, "साहेब आला की कोणी तोंड उघडायचं नाही. मी बोलेन. त्याला बिल्डिंग दाखवायची, गिरणी दाखवायची, बस दाखवायची, बस्स." आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, लिफ्ट किती माणसांची घेणार. तिला दोन मैत्रिणींना बरोबर आणायचं होतं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. गावच्या बागेतला त्यांचा वाटा भावांनी गोड बोलून काढून घेतला. बाबा भांडले नाहीत, पण तेव्हापासून गावाहून परत येताना दर खेपेला ओल्या गोणपाटात गुंडाळून एखादं रोप आणायचे आणि सोसायटीच्या आवारात लावायचे. त्यांचं बघून बाकीचे कोकणी लोकही आणायला लागले. आम्ही राहायला आलो तेव्हा इथे नुसता मुरूम होता, उन्हाळ्यात चप्पल तापायची. वीस-पंचवीस वर्षांत आंबा, फणस, रातांबा, जांभूळ, दोन सुरंगी आणि शेवग्याची रांगच उभी राहिली. सेक्रेटरींनी एका विजयादशमीला नागपूरहून पिंपळाचं रोप आणून गेटजवळ लावलं होतं, तेही तोवर तिसऱ्या मजल्याला भिडलं होतं. सरकारनं कागदावर काढलेलं जंगल आम्ही स्वतःच्या हातांनी, बादलीनं पाणी घालून खरं करून ठेवलं होतं.

साहेब आला. सेक्रेटरींनी त्याला नमस्कार केला, खुर्ची दिली आणि जुने मंजूर नकाशे आणायला ते वर गेले. त्यांचा मजला तिसरा, आणि लिफ्ट नव्हती. तेवढ्या वेळात बाबा पुढे झाले.

"साहेब खंयचे?"

"कणकवली."

पुढचं मी गॅलरीतून बघत होते. बाबांचा चेहरा असा खुलला की मी कठड्यावरून ओणवी झाले. कोकणात घरी पाहुणा आला की त्याला आधी बाग दाखवतात. घर काय, घर सगळ्यांचं सारखंच. माणसाची ऐपत त्याच्या झाडांत. आणि झाड दाखवायचं म्हणजे त्याचं वय वाढवून सांगायचं. त्याला आमच्याकडे कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. ज्याच्या दारात जुनं झाड ते घर जुनं, ते घर मानाचं. भावांनी बाग घेतल्यापासून बाबांना असा पाहुणा मिळालाच नव्हता, आणि हा तर थेट कणकवलीचा.

"मगे तुमी आपलेच. येवा, झाडां बघा," बाबा त्याचा दंड धरून म्हणाले. "ह्यो फणस. पन्नास वर्सां तरी झाली आसतली. आमी येवच्या आधीपासून आसा ह्यो. हो रातांबो. ही सगळी देवराय आसा साहेब, कोणाक कोयतो लावूक दिलो नाय आमी."

फणस माझ्याहून लहान आहे. तो लावला तेव्हा मी दहावीला होते, आणि खड्डा मीच खणला होता. मी वरून "बाबा" म्हणून हाक मारली. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. माझ्यामागे आई काठी टेकत येऊन उभी राहिली आणि तिनंही सगळं ऐकलं. साहेबाचं तर भान हरपलं होतं. तो सुरंगीखाली उभा राहून मान वर करून बघत होता. मग त्याला त्याच रातांब्याच्या कोकमाचं सरबत मिळालं. सेक्रेटरी नकाशे घेऊन धापा टाकत खाली आले तेव्हा दोघं कोणाच्या तरी काजूच्या बागेबद्दल बोलत होते.

अहवाल आला. वाईट माणसानं लिहिलेला नव्हता, हेच त्यातलं वाईट. साहेबानं मन लावून लिहिलं होतं: जागेवर मिश्र जातीची दाट वृक्षराजी असून ती सुमारे पन्नास वर्षं जुनी आहे, रहिवाशांनी तिचं श्रद्धेनं रक्षण केलं आहे, सबब हे क्षेत्र वन म्हणून जतन करण्यास अत्यंत योग्य आहे. त्यानं आमच्यावर उपकारच केले होते, त्याच्या मतानं. सेक्रेटरींनी ते आमच्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं आणि कागद बाबांसमोर ठेवला.

"तुला कोणी सांगितलं होतं रे त्याला सहल घडवायला?"

"माणूस दारात इलो," बाबा म्हणाले. "कणकवलीचो. झाडां न दाखवता कसो धाडूचो?"

"दारात नव्हता आला तो. पंचनाम्याला आला होता."

बाबांना यातला फरक खरंच कळला नव्हता. मी चिडले, नको ते बोलले. सेक्रेटरी गेल्यावर आई गॅलरीतून आत आली आणि बाबांना म्हणाली, "तुमच्या फणसान माका वर बसयल्यान." त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. चहा माझ्या हातून पाठवायची.

कमिटीतल्या एका शहाण्यानं सुचवलं की झाडंच तोडून टाकू, मग म्हणावं दाखवा वन. त्यासाठी पालिकेच्या वृक्षखात्यात जाऊन विचारलं. ते म्हणाले, तुमची जमीन वन आहे, वनखात्यात जा. वनखातं म्हणालं, प्रकरण कोर्टात आहे, फांदीलाही हात लावू नका. म्हणजे झाडं आहेत म्हणून लिफ्ट नाही, आणि लिफ्ट नाही म्हणून झाडं तोडावीत तर तेही नाही. सेक्रेटरींनी सभेत जाहीर केलं की कोणी काहीही ठरवा, पिंपळाला हात लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फणसाच्या बुंध्याशी उभं असलेलं पाहिलं. मला तेव्हा त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही.

मधल्या काळात आई खाली उतरली ती फक्त हॉस्पिटलसाठी. लॉन्ड्रीतली दोन माणसं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं न्यायची. माणसं चांगली होती, जपून उतरवायची, पण आई पूर्ण वेळ पदर तोंडावर ओढून बसायची. मी एकदा म्हटलं, अशीच संध्याकाळी कट्ट्यावर नेऊ या का तुला? ती म्हणाली, "मी मेलंय काय उचलून न्हेवक?" मी पुन्हा विचारलं नाही.

मुंबईच्या कोर्टात आम्ही हरलो. तिथे ठरलं की नोटीस निघाली म्हणजे वन. मग सगळे मिळून दिल्लीच्या कोर्टात गेले, आणि पुष्कळ वर्षांनी तिथे ठरलं की नुसती जुनी नोटीस निघाली म्हणून काही वन होत नाही, लोक इथे राहत आहेत हे सरकारला दिसायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट ठरवायला काळ्या कोटातल्या किती माणसांनी किती बाजूंनी भाषणं केली, याचा विचार केला की मला आजही घाम फुटतो. सोसायटीत पेढे वाटले. सेक्रेटरी रडले. मी आईला सांगितलं, आता लिफ्ट होणार.

लगेच झाली नाही. कोर्टानं जंगल नाही म्हटलं तरी सातबाऱ्यावरचं जंगल तसंच होतं. तलाठी म्हणाला, वरून आदेश येऊ दे. वरच्यांनी सांगितलं, खालून प्रस्ताव येऊ दे. एक बाई तर मला म्हणाल्या, "घाई काय आहे मॅडम, आता निकाल तुमच्याच बाजूनं आहे ना?" नोंद चढवायला एक सही पुरली होती. ती उतरवायला किती टेबलं लागली ते मी मोजणं सोडून दिलं. शेवटी ती उतरली, पालिकेनं परवानगी दिली, मागच्या भिंतीला लिफ्टचं काम सुरू झालं. ड्रिलचा आवाज दिवसभर घरात घुमायचा आणि आई एका शब्दानंही कुरकुरायची नाही.

लिफ्ट चालू झाली त्या संध्याकाळी तिनं नऊवारी नेसायला घेतली. निऱ्या मी घालून दिल्या, तिला आता वाकता येत नव्हतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यानं आधीच खाली जाऊन उभे राहिले. लिफ्टमध्ये आईनं माझा हात घट्ट धरला होता. खाली दार उघडलं तर बाबा समोर. मग तिनं त्यांचाही हात धरला आणि आम्ही गेटपर्यंत गेलो, तिच्या चालीनं, थांबत थांबत.

कट्टा रिकामा होता. ते तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या बायकांतली एक जण दोन पावसाळ्यांपूर्वी गेली, तेव्हा आईनं अंत्ययात्रा गॅलरीतूनच पाहिली होती. दुसरीला मुलगा बदलापूरला घेऊन गेला. तिसरी गावाला गेली ती तिकडेच राहिली. चौथी शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर होती, पण तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. यातली प्रत्येक बातमी आईला वेळच्या वेळी फोनवर कळली होती.

ती बसली. पदर नीट केला. शाळा सुटून गेली होती, बसचा ड्रायव्हर स्टॉपवर चहा पीत होता. दोन तरुण मुली मोबाइल बघत तिच्यासमोरून गेल्या, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना ती कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. बाबा बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, पाणी आणू का. आईनं मान हलवून नको म्हटलं. ती गेटबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"माका वाटला," ती म्हणाली, "मी खाली इलंय की सगळी येतली."

मग ती म्हणाली, चल वर. मी तिला उठवलं, आम्ही परत मागच्या भिंतीपाशी गेलो आणि मी बटण दाबलं. लिफ्ट लगेच आली.